कोल्हापूरची लढाई, २८ डिसेंबर १६५९ : टेबलावर मांडायची आहे, सुरुवात कशी करू?

रंकाळा_काठ

नमस्कार मंडळी,

मी मंगळवार पेठेतला. गोकुळ शिरगावला एका शॉपमध्ये सीएनसी चालवतो. दिवाळीत किल्ला करायची हौस लहानपणापासूनची, अजूनही गल्लीतली पोरं किल्ला करायला लागली की मला हाक मारतात. मध्यंतरी परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघण्यात आले. टेबलावर हिरवं कापड, त्यावर बोटाच्या पेराएवढे रंगवलेले सैनिक, फूटपट्टीनं मोजून चाल करायची आणि फासे टाकून चकमकीचा निकाल लावायचा. नेपोलियन, रोमन, सामुराई, सगळ्यांच्या फौजा होत्या. तेव्हापासून मनात एकच आहे, हे आपल्या इतिहासावर करायचं.

आधी पावनखिंड डोळ्यासमोर आली. पण वाचता वाचता कळलं की त्याच्या सहा-सात महिने आधी खुद्द कोल्हापूरजवळ मैदानात मोठी लढाई झाली होती, महाराज विरुद्ध आदिलशाही सरदार रुस्तमेजमान. मी जन्मापासून इथं राहतोय आणि शाळेत यावर दोन ओळींच्या वर काही शिकलो नव्हतो. तीच मांडायची ठरवलीय.

आता अडचणी. सैनिक किती मिलिमीटरचे घ्यावेत? रंग कुठले? नियम कुठले वापरावेत? हातात साधारण तीन-साडेतीन हजार रुपये आहेत, आणि जागा म्हणजे घडीचं टेबल, जेवणाच्या वेळी रिकामं करावं लागतं. विचार असा आहे की आधी मराठ्यांची फौज झकास रंगवून काढायची, समोरची फौज नंतर कधीतरी. तोवर समोर नुसते पुठ्ठ्याचे तुकडे ठेवले तर चालेल का?

कोल्हापुरात हे करणारं कोणी असेल तर भेटायलाही आवडेल.

---

पंधरा_मिमी

भावा, विषय एकदम भारी घेतलास. मी शिवाजी पेठेत असतो. आम्ही चार-पाच जण रविवारी खेळतो. तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं.

आदिलशाही फौज आधी रंगव.

हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो आणि प्रत्येकाला ते नको असतं. दिवाळीच्या किल्ल्यावर फक्त आपलेच मावळे असतात. वर महाराज, बुरुजावर पहारेकरी, खाली बाजार. तिथं ते शोभतं, कारण किल्ला बघायचा असतो. टेबलावरची लढाई खेळायची असते, आणि समोर कोणीतरी बसलेलं असतं. त्या माणसाला पुठ्ठ्याचे तुकडे देऊन तू त्याला संध्याकाळभर हरायला बसवणार का? त्याच्या हातात चांगली फौज दे. हत्ती दे, बख्तर घातलेले सरदार दे, निशाणं दे. तो जिंकायचा जीव तोडून प्रयत्न करील तेव्हाच तुला कळेल की महाराजांनी त्या दिवशी काय करून दाखवलं. आणि खरं सांगायचं तर आपली फौज रंगवायला कोणालाच आग्रह करावा लागत नाही, ती होतेच. मागे राहते ती दुसरी.

दुसरं कारण इतिहासातलंच आहे. अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ चा, पन्हाळा घेतला २८ नोव्हेंबरला. त्यानंतर विजापूरहून रुस्तमेजमान आला, सोबत अफजलखानाचा मुलगा फाजलखान. परमानंदाच्या शिवभारत या काव्यात दोन्हीकडच्या सरदारांची नावं येतात. आदिलशाहीकडं मलिक इतबार, सादातखान, मुल्ला याह्या यांच्या जोडीला संताजी घाटगे आहेत. महाराजांकडं नेताजी पालकर, हिराजी इंगळे, भिमाजी वाघ, सिधोजी पवार, जाधवराव, महाडिक, आणि त्यांच्याबरोबर सिद्दी हिलाल. म्हणजे घाटगे तिकडं आणि सिद्दी इकडं. हा सिद्दी हिलाल पुढं १६६० मध्ये पन्हाळ्याचा वेढा फोडायलाही नेताजीबरोबर गेला होता, त्याचा मुलगा वाहवाहही त्या लढाईत होता. एका बाजूला सगळे भगव्यात आणि दुसऱ्या बाजूला सगळे हिरव्यात अशी फौज रंगवलीस तर ही माणसंच टेबलावरून नाहीशी होतील.

याचा तुझ्या खिशाला फायदा आहे. दख्खनी घोडेस्वार दोन्हीकडं जवळजवळ सारखेच दिसायचे. तोच पागोट्याचा प्रकार, तोच अंगरखा, तीच कातड्याची गोल ढाल. दहा-बारा स्वार असे रंगव की आज ते घाटग्यांचे, उद्या पवारांचे. निशाण तेवढं बदलता येईल असं बसव. बारीक पितळी तारेचा दांडा आणि पाटावर (सैनिक ज्यावर चिकटवतात ती चपटी पट्टी) एक भोक, एवढं तुझ्यासारख्या मशीनवाल्याला काही अवघड नाही.

मिलिमीटरचं म्हणशील तर माझं नावच बघ. २८ मिमीचा सैनिक हातात घेतल्यावर देखणा वाटतो, चेहरा येतो, मिशा येतात. पण मैदानी लढाईत शेकडोंनी घोडे लागतात, ते तुझ्या टेबलावर मावणार नाहीत आणि बजेटमध्येही बसणार नाहीत. १५ मिमी घे. ४० मिमी रुंदीच्या पाटावर तीन स्वार म्हणजे भारी घोडदळाची एक तुकडी, दोन स्वार म्हणजे हलक्या घोडदळाची. हत्तीला ४० बाय ४० चा पाट. एमडीएफचे पाट लेसर कटिंगवाल्याकडून काप, दोन मिमी जाडीचे पुरतात.

ही मापं डीबीए नावाच्या नियमांची आहेत, १९९० साली आलेले इंग्लंडातले नियम. एका बाजूला फक्त बारा तुकड्या, दोन फूट बाय दोन फूट जागा, तासाभरात खेळ संपतो. तुझं घडीचं टेबल त्याला पुरून उरतं. प्रत्येक फेरीला एक फासा टाकायचा, जेवढा आकडा तेवढ्याच तुकड्या किंवा ओळी हलवता येतात. माझं त्या खेळावर प्रेम बसलं ते या एका नियमामुळं. तुझी फौज कितीही मोठी असो, एक पडला की एकाच सरदारापर्यंत हुकूम पोचला, बाकीचे जागेवर. एकत्र असलेली ओळ एका हुकमात हलते, विस्कटलेल्या फौजेला प्रत्येक तुकडीमागं वेगळा हुकूम लागतो. मोठी फौज लहान फौजेसमोर का मोडते हे दोन डावांत समजतं.

एक लक्षात ठेव, डीबीए मुळात प्राचीन आणि मध्ययुगीन काळासाठी आहे. बंदुकांचा काळ त्यांच्याच डीबीआर या नियमांत येतो, १४९४ ते १७००. पण ते नियम लांबलचक आहेत. सुरुवातीला डीबीएनं खेळ. तोडेदार बंदूकवाल्यांची एखादी तुकडी धनुर्धारी समजून चालव. ही लढाई घोडदळाची आहे, तेवढ्यानं बिघडत नाही. आदिलशाही फौज दहा हजारांच्या आसपास आणि महाराजांची त्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी, असं सांगतात. पहिल्यांदा बारा विरुद्ध बारा खेळा. हात बसला की आदिलशाही दुप्पट कर आणि मराठ्यांकडून जिंकून दाखव.

आता रंगाकडं येतो, इथं मी जरा लांबणार आहे.

१६५९ साली रासायनिक रंग नव्हते. पहिला कृत्रिम रंग निघाला १८५६ ला, तोही इंग्लंडात. त्यामुळं कपड्यांचे रंग म्हणजे नीळ, मंजिष्ठेचा तांबडा, कुसुंब्याचा केशरी-गुलाबी, हळदीचा पिवळा, आणि बहुतेक अंगावर न रंगवलेला सुती पांढरा. तोही घोड्यावरून धूळ खाल्लेला. बाटलीतला झगझगीत केशरी तसाच लावलास तर तो गणपती मंडळाच्या टी-शर्टचा रंग दिसेल. त्यात थोडा तपकिरी मिसळ. पागोट्यांना दोन-तीन वेगवेगळे तांबडे वापर, कारण प्रत्येकाचं कापड वेगळ्या रंगाऱ्याकडून आलेलं. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन यायचा, त्याच्या अंगावर जास्त रंग चालतील. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा, ते जरा एकसारखे दिसले तर बरं. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, अशी रचना सभासदानं आपल्या बखरीत दिली आहे. टेबलावर तिचा उपयोग होतो. कुठल्या पाटावर निशाण द्यायचं आणि कुठल्यावर नाही, हे त्यावरून ठरव.

घोडे सगळे काळे-पांढरे करू नकोस. कुमैत जास्त कर, तांबूस तपकिरी अंग आणि आयाळ-शेपूट काळी. एखादा अबलख, एखादा पंचकल्याणी. पंचकल्याणी म्हणजे चारी पाय खाली पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. तो सरदाराला दे, लांबून ओळखू येतो. आपला दख्खनी घोडा आकारानं लहान, चिवट. परदेशी पाकिटात युरोपियन घोडे मोठाड येतात. जमलं तर लहान चणीचे निवड.

हत्यारं बघायला घराबाहेर पड. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात तलवारी, कट्यारी, बंदुका जवळून बघता येतात. मूठ कशी असते, पात्याला बाक किती, ढालीवर फुल्या कुठं, हे फोटोपेक्षा तिथं कळतं. आणि मर्दानी खेळ बघायला जा, कोल्हापुरात राहून ते न बघता सैनिक रंगवणं बरोबर नाही. विटा, म्हणजे दोरी बांधलेला भाला, फेकून परत ओढताना दोरी मनगटाला कशी असते, पट्टा चालवणाऱ्याचे पाय कुठं पडतात, हे बघितलं की पाटावर सैनिक कुठल्या कोनात चिकटवायचा हे आपोआप सुचतं.

शेवटी पाटावरची माती. लढाई डिसेंबरची. गवत वाळायला लागलेलं, जोंधळ्याचं रान. हिरवंगार करू नकोस. आज चारी बाजूंना दिसतो तेवढा ऊसही नको, त्याचा पसारा शाहू महाराजांच्या राधानगरी धरणानंतर वाढत गेला. फेविकॉल लावून बारीक वाळू टाक, गडद तपकिरी दे, वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशनं फिका मातकट रंग वरच्यावर ओढ, मग पिवळट गवताचे झुबके. बास.

---

गडवाट_विशाळगड

पंधरा_मिमी काकांचं पहिलं वाक्य सोडलं तर बाकी सगळं मान्य. 😊 नाही, तेही मान्य आहे, पण पावनखिंड इतक्या सहज बाजूला टाकू नका एवढंच म्हणायचंय. पन्हाळा-विशाळगड वाट मी पावसात चाललोय आणि ती लढाई टेबलावर मांडायचा पुष्कळ विचार केलाय.

अडचण सगळ्यांना माहीत आहे. खिंडीत एक बाजू उभी आणि दुसरी चढून येते, नुसते फासे टाकत बसायचं. त्यात बाजीप्रभूंना टिपेपर्यंत खेळायचं तर शेवट आधीच ठरलेला. यावर उपाय म्हणजे दोन टेबलं एकाच वेळी लावायची. एकावर घोडखिंड, बाजीप्रभू आणि बांदल, समोर सिद्दी मसूदची माणसं. दुसऱ्यावर विशाळगडाचा पायथा, तिथं सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी यांचा वेढा होता, तो फोडूनच महाराजांना गडावर जावं लागलं. हा भाग लोक विसरतात. पायथ्याच्या टेबलावर महाराज गडाच्या दारात पोचले की तोफ, आणि ती तोफ झाली तेव्हा खिंड मराठ्यांच्या हातात असेल तर डाव मराठ्यांचा. खिंडीतला खेळाडू सारखा दुसऱ्या टेबलाकडं बघत असतो, "अजून किती?" म्हणून. आमच्याकडं हा डाव खेळताना कोणी मोबाइलला हात लावला नाही.

इथं मात्र २८ मिमीच हवेत. माणसं थोडी, चाळीस-पन्नासांत भागतं, आणि प्रत्येकाला ओळख देता येते. १३ जुलैचा पाऊस, म्हणून बंदुका जवळजवळ बंद ठेवायच्या. तोड्याची वात आणि दारू त्या पावसात कोरडी राहणं कठीण. आणि पाटावर लाल चिखल, जांभा दगड, शेवाळी हिरवा. काकांच्या डिसेंबरच्या पाटांचा इथं उपयोग नाही.

त्याच्याही आधीचा भाग, रात्री वेढ्यातून निसटणं आणि शिवा काशीद पालखीतून दुसऱ्या वाटेनं जाणं, हा उघड्या टेबलावर होतच नाही, कारण समोरच्याला सगळं दिसतं. त्याला पंच लागतो. दोन्ही बाजू वेगळ्या खोलीत, प्रत्येकाकडं नकाशा, हुकूम चिठ्ठीवर लिहून पंचाकडं द्यायचे आणि पंच फक्त जे दिसलं असतं तेवढंच सांगणार. ही पद्धत प्रशियाच्या सैन्यातली आहे, रायस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं १८२४ ला पक्की केलेली. त्यांच्या अधिकाऱ्यांना शिकवायला तो खेळ होता. आपल्याकडं या रात्रीसारखा त्या पद्धतीला शोभणारा प्रसंग दुसरा नाही.

रंकाळा_काठ, तू आधी कोल्हापूरचीच कर. पण वर्षभरानं खिंडीला ये.

---

बापटकॅम्प_रंगकाम

आमच्या घरी गणपतीच्या मूर्तींचं काम चालतं. मी आखणी करते, म्हणजे मूर्तींचे डोळे काढते, आणि उरलेल्या महिन्यांत भावाच्या हट्टापायी हे छोटे सैनिक रंगवायला लागले, आता मीच सोडत नाही. काकांनी कुठला रंग ते सांगितलं, मी कसा लावायचा ते सांगते.

पांढरा रंग हा सगळ्यात अवघड. मराठा फौज म्हणजे निम्मी पांढरी, म्हणून हे आधी. थेट पांढरा लावायचा नाही. पहिला हात करडा-मातकट, सगळीकडं. त्यावर पातळ केलेला तपकिरी वॉश, तो घड्यांमध्ये उतरतो. तो पूर्ण वाळला की घड्यांच्या वरच्या भागावर हस्तिदंती. आणि शुद्ध पांढरा फक्त खांद्यावर, गुडघ्यावर, पागोट्याच्या वरच्या वळीवर, तेही टोकानं. मूर्तीच्या धोतराला आम्ही हेच करतो, फक्त तिथं हात मोठा चालतो.

१५ मिमीला डोळे काढू नका. मी आखणी करणारी आहे, तरी सांगते. एवढ्याशा चेहऱ्यावर डोळा काढला की सैनिक दचकलेला दिसतो. भुवईखाली गडद सावली, नाकावर आणि गालावर उजेड, आणि खाली मिशीची एक रेघ. हातभर लांबून बघितलं की डोळे आहेत असंच वाटतं. त्वचेचा रंगही सगळ्यांना एक नको. दोन-तीन तपकिरी घ्या, कोणी सावळा, कोणी गव्हाळ, हबशी स्वार गडद. तयार बाटलीतला "त्वचेचा रंग" गोऱ्या लोकांसाठी असतो, तो तसाच वापरू नका.

ब्रश फार बारीक लागतो ही समजूत काढून टाका. शून्य किंवा एक नंबरचा, टोक चांगलं असलेला पुरतो. अगदी बारीक ब्रशात रंग राहतच नाही, सैनिकापर्यंत नेईतो वाळतो. एप्रिल-मेमध्ये तर प्लेटमधला रंगही वाळतो. त्यासाठी जुन्या टिफिनच्या डब्यात ओला स्पंज ठेवा, वर बटर पेपर आणि त्यावर रंग. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही ओला असतो.

एकेक सैनिक पूर्ण करत बसू नका. आइस्क्रीमच्या काड्यांवर चार-चार चिकटवा आणि सगळ्यांचे अंगरखे, मग सगळ्यांची पागोटी, मग सगळ्यांच्या ढाली. आमच्या कारखान्यात पाचशे मूर्ती असंच होतात.

आणि पाऊस. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात स्प्रेचा प्रायमर आणि स्प्रेचं मॅट वॉर्निश मारायचंच नाही. हवेतल्या ओलीनं प्रायमर खरबरीत बसतो आणि वॉर्निश पांढुरकं होतं, सगळ्या कामावर धुकं चढल्यासारखं. त्या महिन्यांत ब्रशनं लावायचा प्रायमर वापरा, पातळ, दोन हात. आम्ही मूर्ती वाळवायला हॅलोजन लावतो, पण प्लास्टिकच्या सैनिकाजवळ तो नेऊ नका, भाला वाकतो.

सुरुवातीला रंगांच्या पंचवीस बाटल्याही घेऊ नका. पांढरा, काळा, दोन तपकिरी, तांबडा, निळा, पिवळा, हस्तिदंती, एक धातूचा रंग आणि एक तपकिरी वॉश. बाकी सगळं मिसळून होतं. चित्रकलेच्या दुकानातले चांगल्या प्रतीचे अ‍ॅक्रिलिक पाण्यानं पातळ करून चालतात, फक्त जाड थर देऊ नका.

---

उद्यमनगर_ओतकाम

सैनिक आणायचे कुठून हे कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. माझं ओतकामाचं शॉप आहे.

परदेशातून पाकीट मागवलंस तर खेळणी म्हणून कर बसू शकतो. खेळण्यांवरचा मूळ आयात कर फेब्रुवारी २०२० ला २० टक्क्यांवरून ६० वर गेला आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० वर. वर टपालखर्च. तुझ्या साडेतीन हजारांत दोन फौजा त्या वाटेनं होणार नाहीत. दोन रस्ते आहेत.

पहिला रेझिनचा थ्रीडी प्रिंट. डिझाइन फाइल विकत घ्यायची आणि ज्याच्याकडं मशीन आहे त्याच्याकडून काढून घ्यायची. १५ मिमीचे घोडे एका वेळी बरेच निघतात. स्वतः मशीन घेतलंस तर कच्चं रेझिन हातमोज्यांशिवाय हाताळायचं नाही, धुवायला आयसोप्रोपाइल अल्कोहोल, मग अतिनील प्रकाशात पक्कं करायचं. आणि हे स्वयंपाकघरात किंवा झोपायच्या खोलीत करायचं नाही. रेझिनच्या भाल्याला हात लागला की तुटतो. भाले तारेचे लाव, ते सहज तुटत नाहीत.

दुसरा रस्ता आपल्या गावाला शोभणारा आहे. परदेशात धातूचे सैनिक ओततात ते रबराच्या गोल साच्यात, साचा फिरवून. गुजरीतले आणि हुपरीचे कारागीर दागिन्यांसाठी रबराचे साचे रोज वापरतात. एक मूळ सैनिक कोरून हातात आला की साचा करणं इथं कोणाला नवीन नाही. कथील २३२ अंशाला वितळतं, घरगुती शेगडीचं काम आहे, पण घरात करू नकोस. कथील-अँटिमनीचा मिश्रधातू घ्यायचा. शिसं स्वस्त आहे, ओततंही सुरेख, तरी नको. किल्ल्याभोवती लहान पोरं येतात, हात तोंडात जातात.

आणि दुसऱ्याच्या पाकिटातल्या सैनिकाचा साचा काढू नकोस. ज्यानं ती मूर्ती कोरली त्याचं पोट त्यावर आहे. मूळ सैनिक आपला कोरून घ्यायचा. दोन स्वार, एक सरदार, एक हत्ती, एवढ्या चार मूर्ती झाल्या तरी हात-भाले वाकवून त्यातून अख्खी फौज वेगवेगळी दिसते.

---

रंकाळा_काठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

ठरलं. १५ मिमी, आणि आदिलशाही आधी. खरं सांगतो काका, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मन तयार होत नव्हतं. पण संताजी घाटगे आणि सिद्दी हिलाल वाचल्यावर पटलं. स्वार थ्रीडी प्रिंट करून घेतो, शॉपमधल्या एका मित्राकडं मशीन आहे. भाल्यांना पितळी तार माझ्याकडं पडलेलीच आहे. ओतकामवाले दादा, हत्तीचा मूळ साचा करायचा झाला तर तुमच्याकडं येऊ का?

दोन प्रश्न राहिले. हत्ती आदिलशाही फौजेत किती ठेवू? आणि रुस्तमेजमान शेवटी मैदान सोडून गेला, तर ते खेळात कसं आणायचं? तो टेबलावर मेला तर इतिहासाला धरून होत नाही.

---

उद्यमनगर_ओतकाम

ये की. शनिवारी चारनंतर शॉप मोकळं असतं. हत्ती आधी मेणात कोरून आण, सोंड अंगाला चिकटलेली ठेव म्हणजे साच्यातून सुटेल.

---

पंधरा_मिमी

हत्ती बारा तुकड्यांत दोन ठेव, जास्त नको. फौज दुप्पट केलीस की चार. आणि ते ओळीच्या पुढं ठेव. शिवभारत वाचताना हत्ती आघाडीला असल्याचं दिसतं. आदिलशाही खेळाडूला त्यांचा मोह आवरत नाही. त्यांना पुढं काढायला तो आपले हुकूम खर्च करतो आणि तेवढ्यात बगला उघड्या पडतात. मराठ्यांनी हत्तींच्या समोर जायचंच नाही, हलके स्वार घेऊन वळसा घालायचा. डीबीएत हलकं घोडदळ समोरासमोर कमी पडतं पण लांब जातं, आणि बगलेला शत्रू लागला की गुण कमी होतो. हे सगळं तुला पहिल्याच डावात दिसेल.

रुस्तमेजमानाचं म्हणशील तर डाव एकतृतीयांश तुकड्या गेल्यावर संपतो, म्हणजे बारातल्या चार. सरदार तोवर टिकला असेल तर तो हुकेरीच्या वाटेला लागला असं धरायचं. त्यावर आम्ही घरचा एक नियम जोडलाय. चौथी तुकडी गेल्यावर रुस्तमेजमानाला टेबलाच्या पूर्वेच्या कडेपर्यंत न्यायला तीन फेऱ्या मिळतात, नेलं तर आदिलशाही खेळाडूला अर्धा विजय. आणि टेबलावर तो पडलाच तर पडू दे. त्या दिवशी तसं होऊ शकलं असतं, म्हणूनच तर तो निघून गेला.

फाजलखानाला वेगळा पाट कर, काळजीनं रंगव. दीड महिन्यापूर्वी त्याचा बाप मारला गेलाय आणि तो या मैदानात पुन्हा उभा आहे. माझ्या फौजेत मी त्याच्या पाटाला थोडा जास्त आक्रमकपणा दिलाय, फासा कितीही पडो, तो एक हुकूम फुकट पुढं जातो. मागं जायला मात्र पूर्ण खर्च.

रविवारी दहाला ये. बारा पाट कापून आण, रंगवलेले नसले तरी चालतील. वॉर्निश आणू नकोस, माझ्याकडं ब्रशनं लावायचं आहे. बापटकॅम्प ताई, तुम्हाला आणि भावालाही यायचं असेल तर सांगा, पोह्यांचा अंदाज घ्यायला बरा.

---

बापटकॅम्प_रंगकाम

दोघंही येतो. भावाला मराठ्यांकडून खेळायचंय, मी रुस्तमेजमान घेते.